त्या बाईच्या पोळ्या

फोन आला तेव्हा मी सिंदी मेघेतल्या चक्कीवर रांगेत उभी होते. डब्यात आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, लांब पोळ्यांचे गहू होते. हे एवढंच म्हणाले, "घरी ये, आई गेली." तेवढ्यात चक्कीवाल्याने विचारलं, काकू, किती बारीक? मी म्हटलं, नेहमीसारखं, मैद्यागत... आणि पीठ घेऊनच घरी आले. सासू गेली तेव्हा सून पीठ दळत बसली होती, हे आमच्या नात्यात पुढे बरेच दिवस बोललं गेलं.

आता महिना उलटून गेला. भेटायला येणारा प्रत्येकजण आत्याबाईंच्या हाताची आठवण काढतो, आणि त्यात खोटं काही नाही. सैलसर कणीक आपटून आपटून त्या अशी तयार करत की गोळा हातावर घेतला की आपसूक लांबत जायचा. मग तळहातावरून कोपरापर्यंत, या हातावरून त्या हातावर झेलत झेलत ओढणीएवढी पातळ पोळी चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर पडायची. भोक नाही, गुठळी नाही. वडनेरच्या माहेरी लग्नकार्य असलं की त्यांना मुद्दाम बोलावणं यायचं. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात, म्हणून हे आधी लिहून टाकलं.

मी या घरात आले तेव्हा मला साधी पोळी यायची, लांब पोळी नाही. शिकायची फार हौस होती. आत्याबाई नाही म्हणायच्या नाहीत, समोर बसवायच्या. पीठ चाळायचं माझ्याकडे, मीठ घालायचं माझ्याकडे. पण कणकेला शेवटचं पाणी लावायची वेळ आली की त्यांना हटकून सांबार आठवायचा. सांबार म्हणजे कोथिंबीर. "जाय वो, परसातून सांबार आन." मी जुडी घेऊन परत येईपर्यंत कणीक झाकून ठेवलेली असायची. पुढे मी हातावर घेतलेली पोळी मधोमध फाटून विस्तवात पडायची, आणि त्या आल्यागेल्याला सांगायच्या, आमच्या सुनेले हात नाई. किती वर्षं मी सांबार आणला याचा हिशेब नाही. वरणात घालायलासुद्धा उरायचा इतका.

खरी गोष्ट मला कळली ती शेजारच्या रंजनामुळे. लग्नाआधी ती आमच्याकडे पोळ्या शिकायला यायची. तिला आत्याबाईंनी सगळं दाखवलं, पाणी किती वेळा, कणीक कितीदा आपटायची, पीठ कोणत्या खुणेनं झालं म्हणायचं. मी भांडी घासत ऐकत होते. ती गेल्यावर मी पहिल्यांदाच तोंड उघडलं. म्हटलं, तिला शिकवता, मला का नाही? आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "थे जाईन आपल्या घरी. तुले शिकवलं त मले कोन इचारन?"

त्यांचं म्हणणं मला समजलं नाही असं नाही. नवरा लवकर गेलेला, घरात दुसरं कोणी मान देणारं नाही, हातात ती एक पोळी. समजलं, पण त्यानं राग गेला नाही. अजूनही गेलेला नाही... शेवटी एका उन्हाळ्यात त्या मंदाताईंकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे, पुलगावला राहायला गेल्या आणि मी रंजनाला माहेरपणाला आलेली पाहून घरी बोलावलं. माझ्या सासूची पोळी मी शेजारच्या पोरीकडून शिकले. हातावर फोड आले, पण आली.

दोन वर्षांपूर्वी आत्याबाई न्हाणीत पडल्या, मांडीचं हाड मोडलं आणि त्यांनी खाट धरली. जेवण तुटलं. एक दिवस त्यांना लांब पोळी खावीशी वाटली. मी मागच्या शेडमध्ये चूल पेटवली आणि केली. ह्यांनी ताट नेलं. मी दाराआड उभी होते. आत्याबाईंनी अख्खी पोळी खाल्ली आणि विचारलं, कोनं केली? हे म्हणाले, "बाहेरून आनली. एक बाई करते."

नंतर स्वयंपाकघरात येऊन ह्यांनी मला समजावलं. तू केली म्हटलं असतं त तिनं ताट सरकवलं असतं, खाऊ दे तिले. मीही गप्प बसले, कारण ते खरं होतं. तेव्हापासून दर आठवड्याला त्या बाईच्या पोळ्या येऊ लागल्या. आत्याबाई तिची चौकशी करायच्या, संक्रांतीला तिच्यासाठी वाण काढून ठेवायला लावलं. आणि एकदा, मी पाय चेपत असताना, माझ्याच तोंडावर म्हणाल्या, "अशी सून भेटली असती त या घराचं सोनं झालं असतं." मला त्यांच्या तोंडून एकच चांगला शब्द हवा होता. तो मिळाला, पण माझ्या नावावर नाही. मी पाय चेपत राहिले.

तेरवीच्या आदल्या दिवशी स्वयंपाकाचं ठरत होतं. सगळे बसलेले. मंदाताई म्हणाल्या, दादा, आईले त्या बाईच्या पोळ्या लय आवडत, उद्या तिलेच सांगून ये. सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. आता ताट सरकवणारं कोणी उरलं नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि म्हणाले, "थे बाई आता करत नाई."

आचाऱ्यानं तव्यावरच्या पोळ्या केल्या. लोक जेवून गेले. अलीकडे रविवार आला की हे स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळतात. पाटोडीचा रस्सा आहे तर लांब पोळ्या कर ना, म्हणतात. मी तव्यावरची पोळी उलटते आणि सांगते, तुम्हीच सांगितलं ना सगळ्यांना... ती बाई आता करत नाही.