अकरा कुकरांची मावशी

मुलुंड ते घाटकोपर या टापूत असं एकही दार नसेल, ज्याची कुरकुर माझ्या मावशीने मनापासून ऐकून घेतलेली नाही. माणसांच्या कुरकुरीला तिच्याकडे वेळ नसतो. दारं, खिडक्या, पाण्याच्या पंपाची मोटर यांच्यासाठी ती सकाळ घालवते. पस्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाल्यावर तिच्या मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या. मावशी एका शनिवारी अंधेरीला ध्वनीच्या कुठल्याशा कार्यशाळेत गेली आणि मुठीत मावेल एवढा रेकॉर्डर घेऊन परतली. तेव्हापासून ती संगीत रचते. त्यात पेटी नाही, तबला नाही, गाणारंही कोणी नाही. रेकॉर्ड केलेला आवाज कॉम्प्युटरवर घ्यायचा, कापायचा, ताणायचा, उलटा करायचा आणि दुसऱ्या आवाजावर रचायचा. डब्याचं झाकण फरशीवर पडल्याचा आवाज तिने ताणून दोन मिनिटांचा केला, तेव्हा देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यासारखं वाटून माझे हात आपोआप जोडले गेले. "हा पोह्यांचा डबा," मावशी म्हणाली. "रव्याचा एवढा सात्त्विक नाही वाजत."

वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून त्या रेकॉर्डरला एक केसाळ टोपी असते. मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, टोपी घातलेल्या रेकॉर्डरला 'उंदीर' म्हणतात. हा उंदीर घेऊन ती बोरिवलीला एका लग्नात गेली आणि अक्षता पडत असताना आचाऱ्यांच्या मागे पापड तळल्याचा आवाज घेत उभी राहिली. मुलाच्या आईला वाटलं, मुलीकडच्यांनी तेलाची तपासणी करायला बाई पाठवली आहे. मासळीबाजारात कोळणीने हातातली सुरी थांबवून विचारलं, "ताई, लोक माशाचा फोटो काढतात. तुम्ही आवाज काय काढताय?" मावशीने कानावरचे हेडफोन काढून तिच्या कानांना लावले आणि खवलं निघतानाचा आवाज ऐकवला. कोळण हेडफोन परत देत म्हणाली, "सुरमईचा नको घेऊ, तिला खवलंच नाहीत. थांब, तुला जिताडा देते." काकांचं तर घरात मूल्यच वाढलं. आयुष्यभर ज्या फुरक्याबद्दल त्यांनी बोलणी खाल्ली, तोच आता मावशीला हवा असे. बशीतून चहा ओढण्यापूर्वी ते अदबीने विचारत, "मारू का?" आणि मावशी डोळे मिटून म्हणे, "आजचा कोरडा लागला. परत."

गेल्या वर्षी अंधेरीच्या त्याच कार्यशाळेच्या मंडळींनी तिला एक रचना सादर करायला बोलावलं. लहानसं सभागृह, भोवती आठ स्पीकर, मध्ये श्रोते. मावशीने ठरवलं, आपल्या इमारतीतले अकरा कुकर घ्यायचे. रोज सकाळी दहाला ती एकेका स्वयंपाकघरात उंदीर धरून उभी राहू लागली. तिचं म्हणणं, तुरीच्या डाळीची शिट्टी जाड असते, भाताची सरळ, आणि राजमा शिट्टी देण्याआधी खूप वेळ रागावलेला असतो. चार दिवसांत सगळी इमारत या शास्त्रात तयार झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी शिट्टीच्या वेळी शिंक आली म्हणून दुसरा कुकर लावला आणि त्यांच्या घरी दोन दिवस छोले झाले. "तुझ्या मावशीपायी वाट लागली पोटाची," वहिनींचे यजमान मला जिन्यात म्हणाले, पण छाती फुगवून.

कार्यक्रमाला दहा दिवस असताना मावशीने मला घाटकोपरहून बोलावून पूर्ण रचना ऐकवली. झकास झाली होती. फक्त तिसऱ्या मिनिटापासून त्या रचनेवर एक बारीक, टोचणारा आवाज होता, संपेपर्यंत.

"मावशी, तो वरचा कीं आवाज मुद्दाम ठेवलायस ना?"

"कुठला?"

मी जागा दाखवली. तिने तीनदा लावून पाहिलं. काकांनाही बोलावलं, त्यांनाही काही ऐकू आलं नाही. मग तिने पडद्यावर आवाजाचं चित्र उघडलं. तिथे वरच्या कडेला एक सरळ रेघ स्पष्ट दिसत होती. लॅपटॉपच्या चार्जरचा आवाज होता तो. भूमितीच्या बाईंना रेघ दिसली, ऐकू आली नाही. "जुन्याही लाव," ती म्हणाली. तिच्या सहा जुन्या रचनांपैकी चारांत तो आवाज होता.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयामुळे वरच्या पट्टीतले आवाज गेले आहेत, ते परत यायचे नाहीत. बोलणं मात्र नीट ऐकू येईल. "बोलण्यात कोणाला रस आहे?" मावशी म्हणाली आणि घरी येऊन तिने रेकॉर्डर कपाटात ठेवला. दोन दिवसांनी काकांचा मला फोन आला. "अरे, मी सकाळपासून तीन फुरके मारले. चांगले ओले. हिने मान वर केली नाही."

मी तसाच मुलुंडला गेलो. तिला काय सांगायचं हे वाटेत ठरवलं होतं, पण दार उघडून मावशीच म्हणाली, "बरं झालं आलास. बस. आठवडा उरलाय, तुझे कान लागतील." मी विम्याच्या कचेरीत कारकुनी करणारा माणूस. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी मी तिच्या शेजारी बसलो. ती पडद्यावर रेघा पुसायची आणि मी काय उरलं ते सांगायचो.

"बारीक आवाज आहे."

"बारीक म्हणजे काय रे? सुई की दोरा?"

"सुई."

"गंजलेली?"

"नाही गं. नवी."

"मग राहू दे," ती म्हणायची आणि खुशीत हसायची. शाळेत गणितात तिने मला कधी पैकीच्या पैकी दिले नव्हते. त्या आठवड्यात मला ते मिळाल्यासारखं वाटलं. शेवट तिने पुन्हा नव्याने केला. सगळ्या शिट्ट्या थांबल्यावर उरणारी वाफ तिने चाळत चाळत इतकी विरळ केली, की शेवटी फक्त वरची सळसळ राहिली. ती तिला स्वतःला ऐकू येत नव्हती. "असू दे," ती म्हणाली. "ज्यांना येते त्यांना तरी मिळू दे."

कार्यक्रमाला सगळी इमारत आली. शिट्ट्या डावीकडून, उजवीकडून, डोक्यामागून येऊ लागल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी शेजारणीला कोपर मारून "ही माझी, ही माझी" करत होत्या. काकांचा फुरका मध्येच आठही स्पीकरांतून आला तेव्हा सगळं सभागृह हसलं आणि काका उठून जरासे वाकले. मग शिट्ट्या संपल्या, वाफ विरळ होऊ लागली. पुढच्या दोन रांगांत इमारतीतले ज्येष्ठ नागरिक बसले होते. त्यांच्यापुरतं संगीत संपलं आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या. मावशीने वळून हाताने थांबा म्हटलं. सगळे शांत झाले. मागच्या रांगांतली माणसं अजून ऐकत होती.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी बोट वर केलं: अजून आहे. ती ताठ बसून माझ्या बोटाकडे बघत राहिली. सळसळ पातळ झाली, आणखी पातळ झाली, आणि पंखे बंद असलेल्या त्या खोलीत कुठेतरी विरून गेली.

बोट मी खरं तर थोडं उशिराच खाली घेतलं.