डॉलर पडला आणि आमची भिशी

अमेरिकेनं डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं, तेव्हा सोलापुरात आमच्या यांच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नाही. घरातलं रॉकेल संपलंय, हे मात्र मी सांगेपर्यंत कळलं नाही. हे कॉलेजात शिकवायचे आणि उरलेल्या वेळात जगाचा पैसा आणि बुडणाऱ्या बँका यांच्यावर प्रबंध लिहायचे. जगाची काळजी कुणीतरी वाहायला हवीच ना.

मला बी.एड. करायचं होतं. फीसाठी म्हणून मी गल्लीतल्या भिशीत होते. दर महिन्याला सगळ्या बायकांनी सारखे पैसे काढायचे आणि जिची चिठ्ठी निघेल तिनं सगळे उचलायचे. त्या महिन्यात बैठक आमच्याकडे होती आणि चिठ्ठी माझी निघाली. सोमवारी सगळ्याजणी पैसे आणून देणार, मंगळवारी फीची शेवटची तारीख. एवढा आनंद झाला की शेंगापोळ्या मी दोनदा वाढल्या.

तेवढ्यात शेजारच्या अक्कांनी नको ते विचारलं. "सर, एवढं काय लिहिताय हो?"

लग्न झाल्यापासून हा प्रश्न यांना कुणी विचारला नव्हता. झालं, हे खुर्ची ओढून बसले. सगळा डोलारा विश्वासावर उभा असतो, एकानं हात आखडला की सगळेच आखडतात, आणि आधी पैसे सोडतो तो फसतो. तासभर चाललं.

"म्हंजे आपली भिशीबी इस्वासावरच हाय की," अक्का म्हणाल्या.

"अगदी बरोबर," हे म्हणाले. वर्गात जे कुणाला कळत नव्हतं ते अक्कांना कळलं, याचं यांना कोण कौतुक.

सोमवारी अक्का रिकाम्या हातानं आल्या. "बाकीच्यांचे येऊ देत, मग मी देते की." दुसरी आली, तीही तेच म्हणाली. संध्याकाळपर्यंत सगळ्या एकमेकींसाठी थांबल्या होत्या. माझा जळफळाट झाला, मग रडू आलं.

हे घरी आले, सगळं ऐकलं आणि यांचा चेहरा उजळला. "अगं, हेच तर मी म्हणत होतो. आधी कोण आलं, मग कोण, नीट सांग बघू." कागद घेऊन बसलेसुद्धा. भाकरी थापता थापता मी सांगत गेले.

यांना डॉक्टरेट मिळाली. परीक्षकांना म्हणे आमच्या भिशीचं पानच सगळ्यात आवडलं. त्या पानाच्या तळटीपेत मीही आहे: ‘एका सभासद महिलेचे किरकोळ नुकसान झाले.’