भावाची गाडी आणि रिकामी टाकी

आज रविवार. आजारपणात गेलेल्या माझ्या धाकट्या भावाची तेरवी. जेवणं उरकल्यावर त्याचा मित्र न विचारता त्याची टर्बो गाडी घेऊन मलकापूर रोडला गेला. टोचन करून परत आणली. इंजिन गेलं होतं.

जोरात पळवताना त्या इंजिनाला थंड ठेवायला मेथॅनॉल-पाण्याचा फवारा लागतो. त्याची टाकी रिकामी होती. ती रिकामी झाली की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो.

"लाल दिवा नाही दिसला तुले?"

"दिसला ना दादा. म्हटलं, त्याच्या नावानं एकदा पूर्ण पळवू."

"दिवा लागला का तो ॲक्सिलेटरवरचा पाय काढत होता बे."

सगळे मलाच म्हणाले, प्रेमापोटी केलं, जाऊ द्या. हे कसलं प्रेम, तुम्हीच सांगा.

नंतर डिकी उघडली. भावानं कालवून ठेवलेल्या मेथॅनॉल-पाण्याचा कॅन भरलेलाच होता. तो शेडमध्ये ठेवला आणि गाडीवर ताडपत्री टाकली.