पास्कूचं ‘हयसरच’

पास्कू मास्तर गेला ही बातमी मला कसालच्या एस.टी. थांब्यावर कंडक्टरने दिली, आणि त्यानंतर त्या दिवशी जे जे चुकत गेलं त्याला सर्वस्वी पास्कूच जबाबदार आहे, असं मी गेले सहा आठवडे स्वतःला बजावतो आहे. मालवणहून सकाळची पहिली गाडी आली होती. कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, “मास्तरांनू, देवबागचो पास्कू मास्तर पहाटे गेलो. चार वाजता माती.” हीच गाडी अर्ध्या तासाने परत मालवणला जाणार होती. शहाण्या माणसाने शाळेत रजेचा कागद टाकावा, गाडीत बसावं आणि जेवणवेळेच्या आत देवबाग गाठावं. मी घरी गेलो, सायकलीत हवा भरली आणि मागच्या पाणंदीने निघालो. कारण त्याने तसं सांगून ठेवलं होतं…

गणपतीच्या सुट्टीत मी त्याला शेवटचा भेटलो. काविळीने पार वाळला होता. खाडीकडच्या पडवीत आरामखुर्चीवर पडून होता आणि भिंतीला त्याची सायकल टेकलेली, पुसूनपुसून लख्ख. तिच्याकडे बघत म्हणाला, “भाऊ, माझ्या मयताक येतलंस तेवा एस.टी.च्या रस्त्यान येव नको हां. आपल्या वाटेन ये.” मी म्हटलं, “कायतरी बोला नको.” तर म्हणे, “मी बोलणंय नाय, सांगतंय.” मग त्याने विचारलं, “वाट बरी आसा मा रे आपली?” हा प्रश्न तो मला बारा वर्षं विचारत आला होता. बारा वर्षांत एकदाही मी त्याला सरळ उत्तर दिलं नव्हतं. तेव्हाही दिलं नाही. “वाट खंयची, छळ आसा तो,” म्हणालो. तो हसला. काविळीत डोळे पिवळे झालेला माणूस हसतो तेव्हा आपल्याला कसंतरीच होतं, म्हणून मी उठून पाणी प्यायला आत गेलो.

मालवणच्या शाळेत आम्ही दोघं एकाच वर्षी लागलो. तो चित्रकला शिकवायचा, मी गणित. वास्तविक आमचं जमायचं काही कारण नव्हतं, पण दोघांकडे सायकली होत्या आणि कसालला माझी बहीण दिली होती. सुट्टीत तिच्याकडे जायचं तर सोबत म्हणून पास्कू. सुरुवातीला आम्ही माणसांसारखे मोठ्या रस्त्यानेच जायचो. मग एका रविवारी तो पांढरी इस्त्रीची पँट घालून चर्चमध्ये मीसला चालला असताना एस.टी.ने त्याच्यावर डबक्यातला सगळा तांबडा चिखल उडवला. तो तसाच चर्चमध्ये जाऊन गुडघ्यांवर बसला आणि तिथं त्याने देवाकडे काय मागितलं ठाऊक नाही, पण बाहेर येऊन मला म्हणाला, “ह्या रस्त्यावर माझा चाक परत लागाचा नाय.” माणसं असं रागात बोलतात आणि विसरतात. हा विसरला नाही.

पुढचे सहा महिने तो वाटा शोधत हिंडला. गुराखी, लाकूडतोडे, पूजेला गावोगाव जाणारे भटजी, कोणालाही थांबवून विचारायचा. शेवटी त्याने मालवण ते कसाल अशी एक वाट जुळवली, तिच्यावर बैलगाडीही क्वचितच भेटायची. जांभ्या कातळाच्या उघड्या सड्यावरून, काजूंच्या बागांतून, दोन व्हाळ म्हणजे ओढे ओलांडून, एका देवराईच्या कडेने, तीन तळ्यांच्या काठाने. मोठ्या रस्त्याने जे अंतर सकाळच्या सकाळी उरकायचं, त्याला इथे दिवस जायचा. सायकलीवर बसणं निम्मं, सायकल खांद्यावर घेणं निम्मं. सड्यावर जांभ्या दगडाने पंक्चर, व्हाळात घोट्यावर शेवाळ, काजूत मुंग्या. आणि पुढे पास्कूची घामाने भिजलेली पाठ, शीळ घालत चाललेली.

मी विचारायचो, “किती रवला रे?”

“ह्यां काय, हयसरच.”

मी गणिताचा मास्तर आहे. ‘हयसरच’, म्हणजे ‘इथेच’, हे अंतर मला कोणत्याही कोष्टकात सापडलेलं नाही. तासाभराने पुन्हा विचारलं तरी हयसरच, कसालच्या वेशीवर विचारलं तरी हयसरच. त्याच सुमाराला रस्त्यांवरचे मैलांचे दगड जाऊन किलोमीटरचे यायला लागले आणि मी वर्गात पोरांकडून रूपांतरं घोकून घेत होतो. मी पास्कूला म्हटलं, निदान आता तरी किलोमीटरमध्ये सांग. तर म्हणतो, “माझा हयसर दोनांतय चलता.”

देवराईच्या तोंडाशी एक जागा आहे. जाणारा-येणारा तिथे झाडाची एक डहाळी तोडून टाकतो आणि पुढे जातो. राखणदाराचा मान. पास्कू क्रिस्तांव, गळ्यात खुरीस, पण तिथे सायकलवरून उतरल्याशिवाय आणि डहाळी टाकल्याशिवाय तो कधी गेला नाही. मला घाई असायची. मी चालत्या सायकलीवरूनच पान भिरकवायचो. तो मागे वळून माझं पान उचलायचा, नीट राशीवर ठेवायचा आणि मगच पुढे यायचा. माझी दहा मिनिटं गेली म्हणून मी तिथेही चिडायचो.

खरं सांगायचं तर मी त्या वाटेवर चिडण्यापलीकडे फारसं काही केलं नाही. बहीण जेवायची थांबली असेल म्हणून, चेन पडली म्हणून, झाडं निरखत हा व्हाळाकाठी बसून राहिला म्हणून. आणि तरी पुढच्या सुट्टीत त्याने दारात येऊन घंटी वाजवली की मी निघायचोच. का निघायचो हे तेव्हा त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी बदली कसालला झाली आणि वाट बंद पडली. तर त्या दिवशी सकाळी मी तिच्यावर एकटा निघालो. सात तास हाताशी होते. पहिलं तळं लागलं, सडा लागला, आणि सड्यावर वाट तीन वाटांत फुटली. मी सायकल धरून उभा राहिलो… यातली कुठली, हे मला सांगता येईना. बारा वर्षांत इतक्या वेळा आलो-गेलो, पण वाट मी बघितलीच नव्हती. मी फक्त पास्कूची पाठ बघत तिच्यावर ओरडत आलो होतो. मधली धरली, ती एका खाणीत संपली. परत आलो, डावी धरली. एक म्हातारी शेणी थापत बसली होती, तिला देवबाग विचारलं तर म्हणाली, “देवबाग? ह्या बाजूक खंय, पुता?” मला त्या उन्हात पास्कूचा इतका राग आला की मेलेल्या माणसाचा कोणी करू नये.

देवबागला पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. कबरीवरची माती सारखी केलेली, वर झेंडूची फुलं. पास्कूची बायको मोनिका पडवीत बसली होती. मला बघून उठली. “भाऊनू, चार वाजून गेले तरी थांबलव आमी. मगे पाद्रीबाब तयार नाय जाले. एस.टी.न कित्याक नाय इल्यात?”

“त्यानाच सांगितलेला,” मी म्हटलं.

ती माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघत राहिली. मग रडत रडतच हसली. “त्येंचा काय आयकतास तुमी.”

महिन्याच्या मीसला मी एस.टी.ने गेलो, वेळेवर. सायकल टपावर टाकली होती, मालवणहून पुढे देवबागपर्यंत लागेल म्हणून. परत निघताना मोनिकाने त्याची चित्रकलेची एक लांबट वही हातात दिली. “ही तुमच्यासाठीच ठेयलेली.” आत वाटेचा नकाशा होता, पानापानांवर तुकड्यातुकड्याने काढलेला. झाडं इतकी नीट की आईन आणि किंजळ वेगळे ओळखता यावेत. अंतरं अर्थातच एकही नाही. पण जिथे वाट फुटते किंवा वळते तिथे बारीक अक्षरात खुणा केलेल्या. ‘हयसर भाऊ चेन पडली म्हणान रागावलो. उजवीकडे.’ ‘हयसर भाऊन माका गाढव म्हटल्यान. डावीकडे.’ ‘हयसर भाऊ बयनीच्या जेवणासाठी रागावलो. सरळ.’ बारा वर्षं मी ज्या ज्या ठिकाणी तोंड सोडलं होतं, त्या त्या ठिकाणी या माणसाने मैलाचा दगड रोवला होता. आणि मला ती प्रत्येक जागा आठवत होती. वाट नव्हती आठवत, राग आठवत होता. सड्यावरच्या तीन वाटांपाशी लिहिलं होतं, ‘हयसर भाऊ सर्वांत मोठ्यान ओरडलो. उजवीकडे.’

त्याच सकाळी वही कॅरियरला लावून मी त्या वाटेने घरी निघालो. वहीतलं डावं-उजवं उलटं वाचत गेलो, एकदाही चुकलो नाही. देवराईपाशी उतरलो, डहाळी तोडली, राशीवर नीट ठेवली. तिथून पुढे मधलं तळं. ते मोठं नाही, एका अंगाला झाडी पाण्यावर वाकलेली, कमळं, आणि इतकी शांतता की स्वतःच्या सायकलीच्या फ्रीव्हीलचा आवाज नकोसा होतो. वहीत त्या पानावर चित्र होतं आणि खाली एकच ओळ. तिला उजवं-डावं काही नव्हतं.

‘हयसर भाऊ दर खेपेक गप रवलो.’

म्हणजे त्याला ठाऊक होतं. मी उत्तर दिलं नाही असं मी समजत होतो, आणि तो ते लिहून ठेवून बसला होता. तरीही विचारायचा, कारण त्याला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. एवढं साधं मागणं, आणि मी बारा वर्षं ते अडवून धरलं. मला त्याचा राग आला, माझा त्याहून जास्त आला, आणि मग काठावर बसून मी बराच वेळ रडलो.

उठताना पाण्याकडे बघून मोठ्याने म्हटलं, “बरी आसा रे वाट.” कोणी ऐकणारं नव्हतं. तिथेही मी उशिराच पोचलो होतो.