गाईच्या तोंडातली जलपर्णी

सीतापुऱ्यातल्या कॉलेजात मी टब धुते. त्यांत आमच्या मॅडम कारखान्याच्या सांडपाण्यावर जलपर्णी वाढवतात. पान पिवळं पडलं की तिलाच विचारतात, "काय गं, शिसं बाधलं?" सातवीत शाळा सोडलेल्या मलाही समजावतात, "सगळं विष मुळांत साठवते बिचारी." शिवाय रोज अर्धा डबा देतात. गावापासून इतक्या लांब, या हिंदी मुलखात एवढं कोण करतं?

काल गाय आत घुसली आणि तिनं एक रोप तोंडात धरलं. मॅडमनी पदर खोचून थेट जबड्यात हात घातला.

"मॅडमजी, गौमाता के मुँह से निवाला?" चौकीदार ओरडला.

"जहर है, भैया!"

रोप मुळांसकट बाहेर आलं. रुसलेल्या गाईला त्यांनी डब्यातली सगळी थालीपीठं चारली.

मग ओशाळून म्हणाल्या, "तुझाही वाटा गेला गं."

मला कुठली भूक! मी अजून त्यांची बोटं मोजत होते.