धड्यातला बाप

हुलसूरच्या सिद्धव्वाने कुंकू लावावं की पुसावं, याबद्दल गावात ज्याला त्याला मत होतं. सहा वर्षं झाली तरी ही चर्चा काही थकली नव्हती. तिचा नवरा तिप्पण्णा कापड विकायचा, पण दुकान मांडून नव्हे. घोड्यावर गाठोडी टाकून आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा, असे पाच-सहा बाजार करत आठ-दहा दिवसांनी घरी यायचा. अठ्ठेचाळीस सालच्या भादव्यात, रझाकारांची धामधूम चालू होती आणि फौजा आज येतात की उद्या असं झालं होतं, तेव्हा तो असाच बाजाराला म्हणून गेला आणि परत आला नाही. घोडं तेवढं भालकीच्या वाटेवर चरताना सापडलं. पाठीवर ना गाठोडं, ना खोगीर. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

सिद्धव्वाने मात्र घेतलं नाही. दीर बसवंतप्पा आणि लिंगायतांची क्रियाकर्मं करणारा जंगम गुरुपादय्या वर्षातून दोनदा तरी येऊन बसत, चहा पीत आणि म्हणत, आता क्रिया उरकून टाकू. तिचं उत्तर ठरलेलं असे.

"आपल्यात मयताला बसवून मातीत ठेवत्यात न्हवं? मग बसवायला मानूस कुठाय? आन् मानूसच न्हाई तर क्रिया कुनाची करायलाव?"

ती उठून आत जायची आणि कुंकू पुन्हा ठळक करून यायची. मुद्दामच.

गुरुलिंग तिचा एकुलता एक. बाप गेला तेव्हा चौदा वर्षांचा होता. या पोराला चित्रांचं वेड कुठून लागलं म्हणाल, तर त्या बापापायीच. तिप्पण्णा बाजारावरून आला की हातपाय धुवायच्या आधी पोराला हाक मारायचा. "आज एक गूळवाला भेटला रं. नाक ह्ये असं लांबडं, आन् हसला की डावा डोळा बारीक. काढ बघू!" गुरुलिंग कोळशाने फरशीवर काढायचा. "न्हाई न्हाई, गाल आत घे." असं करत करत शेवटी बाप टाळी वाजवायचा, "ह्योच! ह्योच की त्यो!" कधी न पाहिलेला माणूस आपल्या घरातल्या फरशीवर उमटलेला बघून पोराच्या अंगावर काटा यायचा. सिद्धव्वा फडकं घेऊन उभीच असायची. पुसताना तिच्या तोंडाची टकळी चालू, पण पुसण्याआधी ती तो चेहरा नीट बघून घ्यायची, हेही खरं.

पोराचा हात शाळेतल्या रामाचार्य मास्तरांनी ओळखला आणि बावन्न साली त्याला हैदराबादेला धाडलं. तिथे विद्यापीठात पुस्तकांसाठी चित्रं काढायला शिकवणारा वर्ग नव्यानेच निघाला होता. पहिल्याच दिवशी गुरुलिंगाला धक्का बसला. वर्गाच्या मधोमध एक म्हातारा नुसत्या लंगोटीवर बसलेला, आणि वीस पोरं निवांत त्याच्याकडे बघून कागद रंगवतायत! हुलसुरात कुणी कुणाला असं टक लावून बघितलं असतं तर डोकी फुटली असती. गुरुलिंगाने पहिला आठवडा त्या म्हाताऱ्याचे नुसते पाय काढले. वर बघायची हिंमतच होईना.

शिकवायला हणमंतराव होते. माणूस तिरसट. पोरांचे कागद उचलून म्हणायचे, "हा कोण? शेतकरी? असला शेतकरी कुठल्या गावात राहतो, मला पत्ता द्या. अरे, ज्याला अक्षर येत नाही तो आधी चित्र वाचतो. त्याला ओळखू येईल असा कुणीतरी एक माणूस काढा." गुरुलिंगाला हे बापाचंच बोलणं वाटलं, फक्त पुस्तकी मराठीतलं.

चोपन्न साली मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी एक मराठी पुस्तक निघालं आणि त्याची चित्रं या वर्गाकडे आली. गुरुलिंगाच्या वाट्याला जे धडे आले त्यांत एक होता, 'बाप बाजारातून आला.' घरी तिप्पण्णाचा एकही फोटो नव्हता. तीन दिवस तो आठवून आठवून काढत बसला. घोडं चावून तुटलेली उजव्या कानाची पाळी, डोक्याच्या रुमालाचं कानामागे सोडलेलं टोक, आणि इष्टलिंग गुंडाळलेलं लाल फडकं. ते तिप्पण्णा गळ्यात नव्हे तर डाव्या दंडाला बांधायचा, कारण गाठोडं उचलताना लिंग छातीवर आपटायचं. चेहरा जमला तेव्हा गुरुलिंग ढसाढसा रडला, आणि "ह्योच की त्यो!" असं स्वतःच मोठ्यांदा म्हणाला.

पुस्तक छापून झालं तेव्हा एक प्रत त्याने आईला नेऊन दिली. सिद्धव्वाने ते पान छातीशी धरलं. बसवंतप्पाला मात्र त्यात वाट दिसली.

"वैनी, बसवायला मानूस न्हाई म्हनत व्हतीस न्हवं? आता ह्यो हाय की. ह्येलाच बसवू."

गुरुपादय्यानेही मान हलवली. आणि खरं सांगायचं तर गुरुलिंगालाही ते पटलं. आईने किती दिवस दाराकडे डोळे लावून बसायचं? मग तोच तिची समजूत घालू लागला. दिरापुढे, जंगमापुढे, गावापुढे न हरलेली बाई पोराच्या शब्दापुढे हरली. दिवाळी झाली की येणाऱ्या सोमवारी क्रिया करायचं ठरलं.

तो हैदराबादला परतला, आणि चारच दिवसांत हणमंतरावांनी त्याला बोलावून एक पत्र हातात दिलं. चक्क हसत दिलं. चिंताकीला मोठ्या माणसांच्या वर्गावर शिकवणाऱ्या एका मास्तराने ते छापखान्याला लिहिलं होतं. "आमच्या वर्गात दहावे पान उघडताच बायांनी एकच कल्ला केला. हे तर आमच्या गावचे कापडवाले गुरप्पा! कानाची पाळी, रुमाल, दंडाचे लाल फडकेसुद्धा तेच. त्यांची पत्नी सावित्रम्मा वर्गातच होती, ती लाजून बाहेर पळाली. चित्रकार आमच्या गावी कधी येऊन गेले? कळते तर चहापाणी केले असते."

"याला म्हणतात चित्र," हणमंतराव म्हणाले. "कुठला माणूस कुठे जाऊन ओळखू आला, बघ."

गुरुलिंगाने पत्र वाचलं. पुन्हा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. मग चिंताकीला कसं जायचं, तेवढं त्याने विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आगगाडीने बीदर, मोटारीने औराद आणि पुढे पायी चिंताकी. वाटभर तो स्वतःला सांगत होता, कुणी दुसराच असेल. घोडं काय जगात एकाच माणसाचा कान चावतं? मग वाटे, असेल तर अप्पाच असेल, पण डोक्याला मार लागून सगळं विसरला असेल. आपल्याला बघितलं की आठवेल. या विचाराने तो चक्क भराभर चालू लागला.

कापडवाल्या गुरप्पाच्या ओसरीवर एक पोरगी पुस्तक घेऊन बसली होती. तेच पुस्तक, तेच पान. बोट ठेवून मोठ्यांदा वाचत होती.

"कोन पायजे?" तिने विचारलं. "अप्पा आत हाय. ह्ये बघा, आमच्या अप्पाचं चित्र छापून आलंय."

"तुला वाचता येतंय व्हय?" काहीतरी बोलायचं म्हणून गुरुलिंग बोलला.

"न येयाला काय झालं? मला आठवं सरायलंय की!"

आठवं. गुरुलिंगाने मनात मोजलं. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. बाप जाऊन सहा वर्षं झाली होती.

तेवढ्यात तिप्पण्णा बाहेर आला. केस पिकलेले, पोट सुटलेलं, बाकी तोच. त्याने पोराला बघताक्षणी ओळखलं. विसरला-बिसरला काही नव्हता. उंबऱ्यावरूनच तो आत वळून म्हणाला, "सावित्रम्मा, चा ठेव गं. हैदराबादचं पावनं हायत. चित्र काढनारं."

पावणं! गुरुलिंग चहाला थांबलाच नाही. तिप्पण्णा त्याच्या मागोमाग गावाबाहेरपर्यंत आला आणि आसपास कुणी नाही असं बघून हळू आवाजात बोलला.

"घोडं मीच सोडलं रं. दोन घरं जड व्हायलती. त्या गडबडीत मानसं जायलती, म्हनलं आपन बी जावं." चार पावलं चालून तो पुन्हा म्हणाला, "कान मातुर झकास काढलास. बघून मीच दचकलो."

गुरुलिंग तसाच पुढे चालत राहिला. बाप असा सापडला तर काय करशील, असं आधी कुणी विचारलं असतं तर ओरडेन, गळा धरेन, असं तो म्हणाला असता. पण भांडायलाही समोर ओळखीचा माणूस लागतो.

हुलसूरला पोचला तेव्हा क्रियेला चार दिवस उरले होते. बसवंतप्पाने अंगणात मांडवाच्या मेढी आणून टाकल्या होत्या. सिद्धव्वा सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. जित्या माणसाची क्रिया होऊ द्यायची नाही, एवढं गुरुलिंगाने ठरवलं होतं. आणि बाकीचं आईला कळू द्यायचं नाही, हेही.

"अव्वा, अप्पा जिता हाय."

सुपाचा आवाज थांबला. त्याने भराभर सांगून टाकलं. त्या गडबडीत अप्पाला मार लागला, चिंताकीच्या लोकांनी सांभाळलं, मग तिथेच दुसरं लग्न झालं, एक पोरगी झाली. ती आपल्याच पुस्तकातला धडा वाचत ओसरीवर बसली होती, चित्र दाखवत होती.

"केवढी हाय पोरगी?"

"चार... चार वर्षांची."

सिद्धव्वाला स्वतःला अक्षर ओळखू येत नव्हतं. तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"चार वर्षांची पोर धडा वाचायलती व्हय रं?"

गुरुलिंगाची मान खाली गेली. आता विचारायचं काही उरलं नव्हतं. बाजाराचे म्हणून गेलेले ते आठ-आठ, दहा-दहा दिवस ती बहुतेक एकेक करून आठवत असावी. मग ती उठली, आत जाऊन पुस्तक घेऊन आली आणि ते पान तिने पोरापुढे धरलं.

"मग ह्यो कोन?"

तिने त्या चित्रावर बोट टेकवलं.

"बाजारावरनं येऊन तुज्यासंगं फरशीवर बसनारा, त्यो ह्यो. ह्येची वाट बघायलते मी. ह्यो काय चिंताकीला न्हाई." तिने पुस्तक मिटलं. "ह्यो मेला, गुरू. काकाला सांग, सोमवारी ह्येला बसवू."

आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ती नवऱ्यासाठी रडली.