चौदा खोकी आणि बनशंकरीतली नवरात्र

बंगलोरला बिऱ्हाड हलवणारे वाचक विचारतात, घर कुठे घ्यावं, शाळा कोणती बघावी. माझी सूचना एकच: खोकी पोचल्या दिवशी उघडा. मी ती पाच महिने तशीच ठेवली होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या नवऱ्याला, अजयला, तिथे सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि "दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे" म्हणत त्याने आमचा निकाल लावून टाकला. विमान परवडायचं नाही. स्वारगेटहून दुपारची बस धरली. साताऱ्यापर्यंत दीड वर्षाच्या ओमने दोनदा उलटी केली, आणि पाच वर्षांची मुक्ता बेळगावपर्यंत "आलं का?" विचारत राहिली. दुसऱ्या दिवशी तुमकूरला गरम इडल्या मिळाल्या, वर हवी तेवढी चटणी. बसने जाणार असाल तर तिथे उतराच, कारण पुढे कौतुक करण्यासारखं काही आलं नाही.

बनशंकरीत तळमजल्यावर घर मिळालं. पाणी एक दिवसाआड, तेही ओमच्या अंगाला साबण लावला की जायचं. सांबार गोड. मीटर टाका म्हटलं की रिक्षावाला दुसरीकडे बघायचा. ज्वारीच्या पिठासाठी तीन दुकानं हिंडले, तिन्हीकडे नाचणीचं पीठ गळ्यात मारलं. अजय म्हणायचा, "होईल गं सवय." त्याला काय जातंय, त्याच्या ऑफिसात निम्मं पुणं भरलेलं!

हेही सोसलं असतं. पण घरी टकळी चालवणारी मुक्ता शाळेत तोंडच उघडेना. बाई म्हणाल्या, "जूनपासून एक शब्द नाही." अजयला सांगून टाकलं, दिवाळीला मुलांना घेऊन पुण्याला जाणार आणि तिथेच राहणार. चौदा खोकी चिकटपट्टीसकट भिंतीशी उभी होतीच.

नवरात्रात रोज संध्याकाळी पोरांची टोळी दार वाजवू लागली. कानडीत काहीतरी विचारायची आणि डबे पुढे करायची. मी पुण्याची. सणासुदीला दारात पोरं म्हणजे वर्गणी! दोन दिवस तोंडावर दार लावलं. तिसऱ्या दिवशी झापायच्या तयारीतच उघडलं, तर टोळीच्या पुढे स्टीलचा डबा घेऊन मुक्ता.

"गोंबे कूर्सिद्दीरा?" तिने खणखणीत आवाजात विचारलं. मला, स्वतःच्या आईला.

घरमालकीण सरोजाक्का जिन्यात उभ्या राहून हसत होत्या. त्यांचं घराणं मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलं. "अय्यो, वर्गणी नव्हे हो अम्मा! गोंबे म्हणजे बाहुल्या. मांडल्या काय विचारतात. बघायचं, स्वल्प खाऊ घ्यायचा, पुढच्या घरी जायचं. रोज ही सगळ्यात मोठ्याने विचारते. आपलं घर तेवढं नको म्हणायची."

"का गं?" मी मुक्ताला विचारलं.

"आपल्याकडे नुसती खोकीच आहेत ना."

"मग आज कशी आलीस?"

"ही चैत्रा म्हणाली, तू विचारलंस तर तुझी आई दार लावणार नाही."

मला भयंकर लाज वाटली. रागही आला, पण तो काढणार कुणावर?

दुसऱ्या दिवशी खोकी ओढून पाच पायऱ्या रचल्या, वर लग्नातला शालू पसरला. बाहुल्या कुठून आणणार? एक खोकं फोडलं, त्यात गेल्या दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आणि शेपूट तुटलेला वाघ निघाला. खाऊला दडपे पोहे केले. टोळी आली आणि मुक्ताने प्रत्येक मावळ्याची ओळख कानडीत करून दिली. मला एक अक्षर कळलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

शाळेत बोलायला तिने आणखी महिना घेतला. पण दिवाळीला पुण्याला गेलो तेव्हा परतीची तिकिटं काढायला मीच सांगितलं होतं, माझी आणि मुलांचीही.

परत आलो तर नळाला पाणी नव्हतं. चरफडत मी उरलेली खोकी फोडायला घेतली, तशी मुक्ता ओरडली, "आई, टाकून नको देऊ! पुढच्या वर्षी पायऱ्या कशाच्या करायच्या?"

रिकामी खोकी मी माळ्यावर ठेवली.